पाहुण्या मित्रासोबत भिगवणची एक दिवसाची सहल
पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या भिगवणला पाहुण्या मित्राला पक्षी पाहायला न्यायचे असेल, तर जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा आणि सूर्योदयापूर्वीच कुंभारगावच्या काठावर पोहोचावे. उजनी जलाशयाच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मान खाली घालून चरत असतात. थव्याने चरणे थांबवून माना उंचावल्या, की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून नावाड्याला होडी तिथेच थांबवण्यास सांगावे. छायाचित्रासाठी थवा उडवणे हा पक्ष्यांवर अन्याय आहे, हे मित्राला आधीच स्पष्ट सांगावे. पट्टकदंब, चमचा आणि चित्रबलाक हे पक्षीही दिसतात. उन्हे उतरल्यावर, वनविभागाची परवानगी घेऊन, चिंकारा हे हरणासारखे प्राणी पाहण्यासाठी कडबनवाडीच्या गवताळ माळावर जावे.