उभा दिवस, चालता दिवस: चाकांवरच्या घराचा हिशेब

नोकरीत मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. घर सोडून कायमचं कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या घरात, राहायचं ठरलं, तेव्हा नवऱ्याने नकाशे उघडले आणि मी वही. त्या वहीतलं माझं पहिलं अंदाजपत्रक पाचव्या महिन्यात कोसळलं. आकडे बरोबर होते, पण मांडणी घराची होती: महिन्याचं भाडं, महिन्याचं वीजबिल, महिन्याचा किराणा. रस्त्यावर दोन महिने सारखे जात नाहीत. एका महिन्यात आम्ही बावीस दिवस एकाच झाडाखाली होतो, पुढच्या महिन्यात चौदा वेळा मुक्काम हलवला, आणि दोन्ही महिन्यांना मी एकच रक्कम लावली होती.

आता सहावं वर्ष चालू आहे. मी महिना सोडून दिवस मोजते, आणि दिवस दोनच प्रकारचे धरते: उभा आणि चालता.

उभा दिवस म्हणजे घर जागचं हललं नाही तो. त्यात जागेचं भाडं, किराणा, गॅस, वीज, इंटरनेट, कपडे धुण्याचं मशीन. चालत्या दिवसात हे सगळं येतंच, वर इंधन, टोल, वाटेतलं विकतचं जेवण आणि एका रात्रीपुरत्या जागेचा चढा दर. निघायच्या आधी निदान तीस दिवस कॅराव्हॅनमध्ये राहून पाहा, शक्यतो वाईट हवेत, आणि रोज झोपण्यापूर्वी खर्च लिहा. पानाच्या कोपऱ्यात ‘उ’ किंवा ‘चा’. तीस दिवसांनी दोन्हींची वेगवेगळी सरासरी काढा. तेच तुमचे दर.

आमचा चालता दिवस उभ्या दिवसाच्या २.६ पट महाग निघाला. म्हणजे उभा दिवस १ धरला, तर दहा वेळा हललेल्या महिन्याचा खर्च २० अधिक २६, एकूण ४६. चारदाच हललो, तर २६ अधिक १०.४, म्हणजे ३६.४. काटकसर न करता, एक घास कमी न खाता, खर्च पाचव्या हिश्शाहून जास्त उतरला. पहिल्या वर्षी आमचे ११८ दिवस चालते होते, तिसऱ्या वर्षी ४६. त्या वर्षानंतर मला रात्री वही उघडायची भीती वाटेनाशी झाली. लोक मला विचारतात की कुठे बचत करायची. मी एवढंच सांगते: महिन्यात किती वेळा हलायचं ते आधी ठरवा, बाकीचं त्याच्यामागून येतं. एका जागी महिनाभर राहिलं तर बऱ्याच कॅम्पसाइट भाड्यात चांगली सूट देतात. मात्र विजेचा मीटर वेगळा आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. हिवाळ्यात तो एक प्रश्न न विचारल्याने वीजबिलाने सगळी सूट खाल्लेली मी पाहिली आहे.

तिसऱ्या वर्षीच्या खतावणीत शंभरातले २४ जागेला गेले, २३ खाण्यापिण्याला, १७ इंधनाला, १५ दुरुस्ती आणि राखीव डब्यांना, ७ विमा आणि करांना, ४ फोन-इंटरनेटला, ३ गॅसला, उरलेले ७ किरकोळ. पहिल्या वर्षी एकट्या इंधनाला ३१ गेले होते. हे आमचे आकडे. तुमचे वेगळे येतील, पण तुमच्या कागदावर दुरुस्तीसमोर २ किंवा ३ लिहिलं असेल, तर तो कागद पुन्हा मांडा.

इंधनाचं सांगते. आमच्या गाडीमागे घर जोडलं की लिटरला साडेसात किलोमीटर मिळतात, नुसती गाडी असली की तेरा. त्यामुळे अंदाज बांधताना जोडलेले आणि सुटे किलोमीटर वेगळे लिहा. वेगाचंही तसंच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि कॅराव्हॅनचं तोंड भिंतीसारखं सपाट असतं. आम्ही ८०च्या पुढे जात नाही. उशीर होतो, पण पोचल्यावर घर आपल्याबरोबरच असतं, घाई कशाची?

गॅसचा खर्च वर्षभर सारखा धरू नका. ११ किलोचं सिलिंडर आम्हाला उन्हाळ्यात स्वयंपाक आणि गरम पाण्यासाठी पाच-सहा आठवडे पुरतं. थंडीत हीटर लावला की तेच सहा दिवसांत संपतं. शिवाय सिलिंडरमधल्या वायूंपैकी ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं. गोठवणाऱ्या थंडीत ब्युटेनचं सिलिंडर भरलेलं असूनही शेगडी पेटत नाही, आणि मग आडगावी मिळेल त्या भावाने दुसरं घ्यावं लागतं. हिवाळ्याआधी बदलून प्रोपेनचं घ्या.

सोलरबद्दल माझं मत जरा कडक आहे. पॅनेल घेतलं म्हणजे वीज फुकट झाली असं नाही. आधी गरज मोजा. आमचा कॉम्प्रेसरचा फ्रिज, लॅपटॉप, दिवे, फोन मिळून दिवसाला ८०० वॉट-तास लागतात. १०० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्ट बॅटरीत १२०० वॉट-तास असतात, पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाती ६०० येतात. लिथियममधून हजाराच्या आसपास काढता येतात आणि ती कितीतरी जास्त वेळा भरता-उतरवता येते, म्हणून दुकानात महाग दिसणारी बॅटरी वहीत स्वस्त पडते. मग पॅनेल आणि बॅटरीची एकूण किंमत घ्या, तिला विजेच्या जागेच्या आणि बिनविजेच्या जागेच्या एका रात्रीच्या भाड्यातल्या फरकाने भागा. जेवढा आकडा येईल तेवढ्या रात्री तुम्ही खरोखर बिनविजेच्या जागी काढणार आहात का? आमचा आकडा १४० आला आणि दीड वर्षात वसूल झाला. वर्षातले दहा महिने विजेच्या जागी राहणाऱ्यांनी हे पैसे टायरवर घालावेत.

टायरचं मला पोटतिडकीने सांगायचं आहे. नवव्या महिन्यात, भर रस्त्यात, आमच्या कॅराव्हॅनचा डावा टायर फुटला. फाटलेल्या रबराने चाकावरचा पत्रा, पाण्याचा पाइप आणि जमिनीचा एक कोपरा उचकटून टाकला. नक्षी तर नव्यासारखी खोल होती. बाजूला चार आकडे कोरलेले होते, ते मी त्या दिवशी रस्त्याकडेला बसून पहिल्यांदा वाचले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमचा टायर नऊ वर्षांचा होता. कॅराव्हॅन बराच काळ उभी असते, म्हणून तिचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. आम्ही आता सहा वर्षांनी बदलतो, मग नक्षी कितीही दिसो.

आणि खरा फटका टायरचा नव्हताच. घर तीन आठवडे वर्कशॉपमध्ये होतं आणि तेवढे दिवस आम्हाला राहायला जागा नव्हती. भाड्याच्या खोलीला दुरुस्तीएवढेच पैसे गेले. हा खर्च अंदाजपत्रकात धरलेला मी फार क्वचित पाहते.

म्हणून तीन डबे. खरे डबे नव्हेत, बँकेतली तीन वेगळी खाती, पण आम्ही त्यांना डबेच म्हणतो.

पहिला घसाऱ्याचा. जी वस्तू कधीतरी जाणार हे माहीत आहे, तिची आजची किंमत घ्या, तिला उरलेल्या महिन्यांनी भागा आणि तेवढे दरमहा टाका. नव्या टायरना ७२ महिने, लेड-ॲसिड बॅटरीला ४८, चाकांचे बेअरिंग, ब्रेक आणि ओलाव्याची तपासणी यांना १२. जुनी कॅराव्हॅन घेतलीत तर उरलेले महिने मोजा. टायर आधीच पाच वर्षांचे असतील तर बाराच महिने हातात आहेत आणि हप्ता सहापट. स्वस्तात मिळालेल्या कॅराव्हॅनची खरी किंमत इथे कळते. ओलाव्याच्या तपासणीवर वाचवू नका. सांध्यातलं सील सुटून पाणी आत मुरलं की आतली लाकडी चौकट कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही.

दुसरा अडचणीचा. त्यात गाडी ओढून नेण्याचा खर्च, एक मोठी दुरुस्ती, आणि तीन आठवड्यांचं खोलीभाडं.

तिसरा परतीचा. भाड्याच्या घराची अनामत, तीन महिन्यांचं भाडं आणि थोडं सामान. एखाद्या दिवशी दोघांपैकी एकाची तब्येत बिघडेल किंवा मन उडेल, तेव्हा पैशांअभावी रस्त्यावर राहावं लागू नये. या डब्याला आम्ही आजवर हात लावलेला नाही. टायर फुटला तेव्हाही नाही. निघायच्या आधी हा पूर्ण भरलेला हवा. भरला नसेल तर निघणं पुढे ढकला.

विम्याबद्दल थोडक्यात: सुट्टीपुरत्या वापराची पॉलिसी कायम राहणाऱ्यांना बहुधा लागू पडत नाही. कॅराव्हॅनमध्येच राहतो हे कंपनीला स्पष्ट सांगा आणि उत्तर लेखी घ्या. पोस्टासाठी पक्का पत्ताही लागतो. आम्ही माझ्या बहिणीचा देतो.

आणखी एक. भरलेलं घर निदान एकदा वजनकाट्यावर न्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुस्तकं, हत्यारं, तंबू यांची बेरीज कोणी करत नाही. आम्ही मर्यादेच्या १४० किलो वर होतो. दंड झाला असता तो वेगळाच, पण टायर, ब्रेक आणि इंधन रोजच त्याची किंमत मोजत होते.

दर तीन महिन्यांनी मी दोन्ही दर नव्याने काढते. अडचणीचा डबा अर्ध्याखाली आला की आम्ही हलत नाही, तो भरेपर्यंत त्याच जागी राहतो, हा नियम दोघांनी मिळून केला आहे. मागच्या ऋतूत ब्रेकचं काम अनपेक्षित निघालं. त्यामुळे सध्या एकाच जागी आमचा अकरावा आठवडा आहे. वहीप्रमाणे अजून तीन बाकी आहेत, आणि नवऱ्याने पुढचा नकाशा आत्ताच टेबलावर पसरून ठेवलाय.