शिंगाड्याचे तोडलेले पान पाण्यात टाकू नका

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील मामा (माजी मालगुजारी) तलावांत व बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, लावलेले शिंगाड्याचे वेल आता पाण्यावर पसरू लागले आहेत. पावसाची झड थांबून ढगाळ, दमट उघडीप पडली, की शिंगाड्यावरील भुंगा झपाट्याने वाढतो. त्याची एक पिढी सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होते. म्हणून पोळ्याची वाट न पाहता याच आठवड्यात डोंगा (लहान होडी) घालून पाने तपासावीत.

पीक हातचे गेलेल्या बहुतेक तलावांत मी एकच चूक पाहिली आहे. ढिवर (मासेमार) बांधव मेहनतीने कीड लागलेली पाने तोडतात आणि तोडलेले पान तिथेच पाण्यात टाकतात. शिंगाड्याचे पान बुडत नाही. त्याच्या देठाचा मधला भाग फुगीर व आतून स्पंजासारखा असून हवेने भरलेला असतो. तो पाण्याखाली धरून नखाने चिरला तर बुडबुडे वर येताना दिसतात. हीच हवा वेलाचा झुबका पाण्यावर तोलून धरते आणि तोडलेल्या पानालाही तरंगत ठेवते. भुंग्याची पिवळसर अंडी पानाच्या वरच्या बाजूला पुंजक्याने असतात. ती कोरडीच राहतात, उबतात, आणि वाऱ्याने ते पान ज्या निरोगी झुबक्याला जाऊन टेकते त्यावर अळ्या चढतात. तेव्हा तोडलेले प्रत्येक पान डोंग्यातील टोपलीत घ्यावे आणि पाळीपलीकडे, म्हणजे तलावाच्या बांधापलीकडे, खड्ड्यात पुरावे.

वरच्या बाजूकडेच लक्ष का द्यायचे, तेही समजून घ्यावे. जमिनीवरच्या अनेक पिकांची रंध्रे (हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रे) पानाच्या खालच्या बाजूला अधिक असतात. तरंगणाऱ्या पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली असल्याने त्याची रंध्रे वर असतात आणि पाणी साचून ती बुजू नयेत म्हणून वर मेणचट थर असतो. अळी व भुंगा नेमकी हीच बाजू खरवडतात, त्यामुळे पान जाळीदार होऊन तपकिरी पडते. लांबून ते करपल्यासारखे दिसते आणि कृषी केंद्रातून बुरशीनाशकाची महाग बाटली हाती दिली जाते, जिचा भुंग्यावर काहीच उपयोग होत नाही. पान हातात घेऊन अळी दिसते का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

नेहमीची कामे:
दाट झालेले झुबके विरळ करणे.
काठावरची जलकुंभी व बेशरम काढणे.
पिवळी, जुनी पाने काढणे.
दर चार-पाच दिवसांनी पाने तपासणे.

माझा अनुभवाचा अंदाज असा, की भुंगा प्रथम उथळ, संथ पाण्याच्या आणि झाडांची सावली पडणाऱ्या काठावर दिसतो. तपासणी तिथूनच सुरू करावी.

वेचूनही कीड आवरत नसेल तर 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, एकूण द्रावण 100 लिटर करावे आणि त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा. साबण टाळू नये, कारण मेणचट पानावरून नुसता अर्क थेंब होऊन घरंगळतो. फवारणी सायंकाळी आणि फक्त कीड असलेल्या झुबक्यांवर करावी; निंबोळी झाली तरी ती तलावात ओतायची वस्तू नव्हे.

कपाशीवरची उरलेली बाटली तलावावर कधीही फवारू नये. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांसाठी अत्यंत विषारी असतात, आणि त्याच तलावात मच्छीमार संस्थेची मासोळी वाढते, गुरे पाणी पितात, बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून शिंगाडे तोडतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तर कोरड्या शेतात उभे होते.

तोडणी संपल्यावर वेल पाण्यात कुजत सोडू नयेत. तेही ओढून पाळीपलीकडे न्यावेत. बियाण्यासाठी ठेवलेले पक्के शिंगाडे मात्र मडक्यात पाण्याखालीच ठेवावेत आणि पाणी अधूनमधून बदलावे, कारण वाळलेला शिंगाडा उगवत नाही.