शिडाची होडी, खाडीतल्या तिसऱ्या : या चुका टाळा

स्टीलच्या खोल पातेल्यात पाच-सहा डझन तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, आणि वर नळाचं पाणी. मुरूडहून बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी परतल्यावर मी हेच केलं आणि रात्रभरात वाळू सोडतील म्हणून झोपून गेलो. सकाळी झाकण काढायच्या आधीच वासाने सगळं कळलं.

खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात तोंड मिटून बसतो. वाळू आतच राहते आणि जीव जातो. लिटरभर पाण्याला पस्तीस ग्रॅम मीठ हवं, म्हणजे साधारण समुद्राइतकं खारट. पातेलं नको, परात घ्या. तिसऱ्या एका थरात, पाणी जेमतेम बुडण्याइतकं. ढीग केला की तळच्या गुदमरतात. दोन-तीन तास पुरे. गाडीत आणताना प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारू नका. ओल्या गोणपाटात गुंडाळा, बर्फ वेगळ्या पिशवीत ठेवा, वितळलेलं पाणी त्यांना लागू देऊ नका.

पण आमचा खरा घोळ त्याआधीच झाला होता. आम्ही रविवार बघून गेलो, तिथी बघितलीच नाही. निघाली अष्टमी! अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फारसं उतरतच नाही. तिसऱ्या वेचायच्या तर पुनवेच्या-अवसेच्या आसपास, उधाणाच्या ओहोटीला. मामीचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. त्याच्या दीड-दोन तास आधी खाडीत उतरायचं आणि पाणी फिरलं की मुकाट्याने बाहेर यायचं. ‘अजून मूठभर’ म्हणत थांबायचं नाही. कावी-कंबोईचा स्तंभेश्वर महादेव पाण्याखाली जाताना पाहिलेल्या बडोदेकराला भरती किती झपाट्याने चढते ते निराळं सांगायला नको.

दुसरा घोळ वाऱ्याचा. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. तिथून पुढे पद्मदुर्गही करू, असा आमचा बेत. पोहे, चहा, पुन्हा चहा करता करता अकरा वाजले. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो होडी बाहेर नेतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तो परत आणतो. आम्ही नेमके उलट्या वेळी निघालो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही, नागमोडी काढावी लागते. नाखव्याने दोन-चार वळसे घेतले आणि म्हणाला, “जंजिरा झाला तेवढं बस. पद्मदुर्ग उद्या, उजाडता.”

लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली उशी म्हणून घेऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटली, ते आपण विसरलेलो नाही.

तिसरी गोष्ट : दिसलं ते उचललं, असं नको. कच्छच्या आखातातल्या पिरोटनला जाल तर तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, रिकामा शंखसुद्धा उचलायचा नाही. गावाचा नाला खाडीला मिळतो तिथली कालवं तर फुकट दिली तरी नकोत. ही सगळी मंडळी पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात. पाण्याला तांबूस रंग चढला असेल तर त्या दिवशी वरणभात करा. काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यांत साठतं आणि उकळूनही जात नाही. १९९७ मध्ये केरळात विझिंजमला असे शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) खाऊन सात माणसं दगावली. खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या तर लिंबूपाणी पीत बसू नका, दवाखाना गाठा. आणि जाळ्यात केंड, म्हणजे अंग फुगवणारा विषारी मासा, आला तर त्याचं कालवण करण्याचं धाडस मुळीच नको.

आता चूल. शिजवण्याआधी प्रत्येक उघडी तिसरी दुसरीवर टिचकवायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. शिजल्यावर उलटं : जी उघडली नाही ती फेका. मला दोन-चार टाकताना जिवावर आलं, तेव्हा मामीने ताटातून उचलून स्वतःच कचऱ्यात भिरकावल्या. “मेल्या, दोन तिसऱ्यांसाठी रात्रभर कुंथशील!”

कांदा, आलं-लसूण आणि ओलं खोबरं परतून तिसऱ्या टाकल्या की झाकण ठेवा. पाणी घालू नका, त्यांचंच सुटतं, आणि ते खारट असतं. म्हणून मीठ अगदी शेवटी, रस्सा चाखून.