कलिलांचे प्रकार ओळखताना या चुका टाळा

कलिल म्हणजे एका पदार्थात दुसऱ्याचे बारीक कण विखुरलेलं मिश्रण. आमच्या दर्यापूरकडच्या अकरावीच्या पोरापोरींना त्याच्या प्रकारांची तिन्ही नावं तोंडपाठ असतात: मल्टिमॉलिक्युलर, मॅक्रोमॉलिक्युलर, असोसिएटेड. पण पुस्तकाबाहेरचं उदाहरण दिलं की गाडी अडते, कारण सगळे कणाच्या आकाराकडे बघतात. कलिलाचा कण कोणत्याही प्रकारात साधारण 1 ते 1000 नॅनोमीटरचाच असतो. टॉर्चचा झोत टाकून पाहाल, तर तो कोणत्याही कलिलात दिसतो, त्यानंही प्रकार कळत नाही. कण कशाचा बनलाय, हे विचारा.

सर्वांत जास्त मार्क गंधकावर जातात. "सर, गंधकाचा रेणू आठ अणूंचा, म्हणजे मोठाच झाला ना?" नाही बाळा, कलिलाच्या कणापुढं तो चिमुकलाच. असे हजारभर किंवा त्याहून जास्त रेणू व्हॅन डर वाल्सच्या दुबळ्या ओढीनं एकमेकांना धरून बसतात, तेव्हा कुठं एक कण होतो. म्हणून तो मल्टिमॉलिक्युलर. सोन्याचा सॉलही (द्रवात घन कण असलेलं कलिल) इथंच, फक्त तिथं अणूंचा घोळका. मात्र मुगावरच्या भुरी रोगासाठी पंपात कालवलेलं गंधक याचं उदाहरण म्हणून लिहू नका. ती भुकटी जाड असते, पंप हलवला नाही तर तळाशी बसते. ते निलंबन झालं, म्हणजे जाड कण खाली बसणारं मिश्रण.

भाताच्या पेजेत उलट आहे. स्टार्चचा एकटा रेणूच कलिलाच्या कणाएवढा, म्हणून मॅक्रोमॉलिक्युलर. पण शिजवल्याशिवाय नाही. थंड पाण्यात कालवलेलं पीठ खाली बसतं. कापसातलं सेल्युलोजही असंच लांबलचक, तरी कापूस पाण्यात बुडवून कलिल होत नाही, कारण तो विरघळतच नाही.

साबणाला मॅक्रोमॉलिक्युलर म्हणणं ही चूक तर हुशार पोरंही करतात. साबणातलं सोडियम स्टिअरेट काही महाकाय नाही. फार पातळ द्रावणात तो मिठासारखाच सुटा राहतो. प्रमाण सीएमसीच्या (मायसेल बनायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) वर गेलं, आणि तापमान क्राफ्ट तापमानाच्या (मायसेल बनायला लागणाऱ्या किमान तापमानाच्या) वर असलं, की शंभरेक स्टिअरेट आयन पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत, पाण्याकडं ओढली जाणारी डोकी बाहेर करून गोळा होतात. तोच मायसेल, असोसिएटेड कलिल. पाणी वाढवा, मायसेल मोडतो. गंधकाचा कण नुसत्या पाण्यानं असा सुटत नाही.

साबणाचा हा प्रयोग मी एकदा विहिरीच्या पाण्यात करून दाखवायला गेलो. फेस नाही, वर नुसता पांढरा चिकट साका. एका पोरीनं वहीत लिहिलं, "मायसेल दिसले." तिला थांबवून साका बोटावर घ्यायला लावला. तो न विरघळणारा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साबण होता. आपल्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातलं, पाणी घेतलं तर हे होणारच. तेव्हापासून मी पावसाचं पाणी बाटलीत भरून ठेवतो.