लॉग फाइल फुगली तर आधी काय बघायचं

हळदीचे सौदे जोरात असले की सांगलीच्या मार्केट यार्डातून मला हमखास फोन येतो, "बिल निघंना झालंय, डिस्क फुल्ल दाखवतंय." जाऊन बघावं तर एसक्यूएल सर्व्हरचा (बिलांचा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम) डेटा दोन-तीन जीबी आणि लॉग फाइल (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी) चाळीस-पन्नास. एरर ९००२, म्हणजे लॉग भरला.

अशा वेळी ती लॉगची एलडीएफ फाइल डिलीट करू नका, कळकळीनं सांगतो. अडत दुकानात रोजकीर्द आणि खतावणीचं जे नातं, तेच लॉग आणि डेटाचं. नोंद आधी लॉगमध्ये पडते, मग सवडीनं डेटा फाइलमध्ये जाते. मध्येच लाइट गेली तर सर्व्हर चालू होताना लॉग वाचूनच पूर्ण झालेले व्यवहार लावून घेतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. लॉग उडवला तर डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही.

आधी कारण बघा. मॅनेजमेंट स्टुडिओत (सर्व्हर हाताळायचं टूल) सिस.डेटाबेसेस या सर्व्हरच्या यादीतून 'लॉग_रीयूज_वेट_डेस्क' हा कॉलम काढा. बहुतेक ठिकाणी 'लॉग_बॅकअप' असं येतं. म्हणजे डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये आहे (लॉगचा बॅकअप होईपर्यंत लॉगची जागा मोकळी न करणारी सेटिंग) आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नाही. रोज रात्री नेमानं फुल बॅकअप घेणारेही इथंच अडकतात, कारण फुल बॅकअपनं लॉग रिकामा होत नाही. 'ॲक्टिव्ह_ट्रान्झॅक्शन' आलं तर डीबीसीसी ओपनट्रान ही कमांड चालवा. सगळ्यात जुना उघडा व्यवहार कुठल्या सेशनचा (कनेक्शनचा), ते कळतं.

मग दुसऱ्या ड्राइव्हवर लॉगचा बॅकअप घ्या. त्यानं आतली जागा मोकळी होते, फाइलचा आकार मात्र तेवढाच राहतो. आकार डीबीसीसी श्रिंकफाइलनं कमी करायचा, तोही एकदाच, आणि रोजच्या कामाला पुरेल एवढी जागा ठेवून. पहिल्या फटक्यात कमी झाला नाही तर आणखी एक लॉग बॅकअप घेऊन पुन्हा चालवा. श्रिंकचा रोजचा जॉब लावलेला दिसला तर मी तो आधी काढतो. लॉग परत वाढणारच, आणि वाढताना ऐन गर्दीत बिलं अडतात. ऑटोग्रोथही (भरली की फाइल आपोआप किती वाढावी, ते माप) टक्क्यात नको, २५६ किंवा ५१२ एमबी असा ठरीव द्या.

लॉग बॅकअप किती वेळानं घ्यायचा, हे मालकाला विचारून ठरवा. "किती वेळाची बिलं हातानं परत घालाल?" असंच विचारतो मी. सौद्याच्या दिवसात उत्तर सहसा पंधरा मिनिटांच्या आसपास येतं. एक्सप्रेस या मोफत आवृत्तीत एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) नसतो, तिथं विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी ही कमांड चालवा, फाइलच्या नावात तारीख-वेळ घाला. मालक म्हणाला, कालच्या रात्रीपर्यंतचं मिळालं तरी चालेल, तर सरळ सिंपल रिकव्हरी मॉडेल करा, त्यात लॉगची जागा बॅकअपशिवाय आपोआप मोकळी होते. त्यात काही वावगं नाही, फक्त आजची बिलं गेली तर गेली, हे त्याला आधी सांगा.

बॅकअपची डिस्क सर्व्हरशेजारी ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते सांगलीकराला सांगायला नको. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक गावाबाहेर.

आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. फुल बॅकअप नोरिकव्हरीनं (पुढचे लॉग लावता येतील असा डेटाबेस बंद ठेवून) लावायचा, मागोमाग लॉग क्रमानं तसेच, शेवटचा रिकव्हरीनं (डेटाबेस वापरायला उघडून). मधली एक फाइल गहाळ असली तर तिच्यापुढची एकही लागत नाही, म्हणून नवा फुल बॅकअप तपासून झाल्याशिवाय जुन्या लॉग फाइली पुसू नका.