रिस्क-फाइव्हवर टेस्ट फेल झाली की या चुका टाळा

"दादा, माझ्या लॅपटॉपवर पास होतंय, म्हणजे बोर्डातच गडबड आहे." नव्या पोरांकडून हे ऐकून ऐकून कान किटले. डेबियन या लिनक्स प्रणालीने २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-प्रकाराला अधिकृत स्थान दिलंय. तिथे टेस्ट पडली तर आधी पॅकेजवर, म्हणजे प्रोग्रामवर संशय घ्या, बोर्डावर, म्हणजे रिस्क-फाइव्हच्या छोट्या संगणकावर नंतर.

सगळ्यात घातक सवय म्हणजे टाइमआउट वाढवणं. नागपुरात नवतपा सुरू होता. धरमपेठेतल्या खोलीत बोर्ड कूलरसमोर ठेवलेला, तरी हात लावला की चटका बसायचा. एका छोट्या कमांड-लाइन पॅकेजची टेस्ट दहा मिनिटांनी टाइमआउट होऊन पडत होती. सोबतच्या मुलाने वेळ तासभर केली. तरी पडली. "बोर्ड तापून मंदावलाय, रात्री चालवू," तो म्हणाला, आणि मलाही ते पटलं. तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी मी जीडीबी (चालू प्रोग्राम आत काय करतोय ते दाखवणारा डीबगर) लावला, तर प्रोग्राम पर्याय वाचण्याच्या लूपमध्येच फिरत होता. पर्याय वाचणाऱ्या गेटॉप्ट फंक्शनचं उत्तर 'इंट' (int, पूर्णांकाचा प्रकार) ऐवजी 'चार' (char, एका बाइटचा प्रकार) मध्ये साठवलं होतं. एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर, साधा 'चार' साइन्ड (उणे आकडे धरणारा) असतो, म्हणून पर्याय संपल्याची खूण म्हणून शेवटी आलेला उणे एक उणे एकच राहतो. रिस्क-फाइव्हवर तो अनसाइन्ड, म्हणून उणे एकचा २५५ होतो आणि लूप कधीच थांबत नाही. चूक एका शब्दाची होती आणि आम्ही तीन रात्री उन्हाला दोष देत बसलो.

तेव्हापासून बोर्डाला हात लावायच्या आधी मी लॅपटॉपवरच जीसीसी कंपायलरला 'चार' अनसाइन्ड धरायला सांगून पॅकेज बांधतो, जास्तीचे इशारे चालू ठेवून. 'उत्तर उणे एक नाही' ही तुलना नेहमीच खरी ठरेल, असा इशारा तो तिथेच देतो. एआरएम (मोबाइलमधला प्रोसेसर-प्रकार) च्या लिनक्सवरही 'चार' अनसाइन्डच, त्यामुळे या पाच मिनिटांत तिथलीही सोय होते.

दुसरी चीड आणणारी गोष्ट: "पुन्हा चालवली, पास झाली." विसातून एकदा पडणारी थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) टेस्ट म्हणजे बहुतेक वेळा खरा बग. प्रोसेसरच्या एका कोअरने मेमरीत केलेल्या नोंदी एक्स८६ वर इतर कोअरना त्याच क्रमाने दिसतात. रिस्क-फाइव्ह आणि एआरएम ती हमी देत नाहीत, म्हणून मेमरीचा क्रम सांभाळणारा, पण कोडात विसरलेला अ‍ॅटॉमिक इथे उघडा पडतो. अशी टेस्ट मी रात्रभर दोनशे वेळा चालवतो आणि किती वेळा पडली ते बग रिपोर्टमध्ये लिहितो.

दशांशातला शेवटचा आकडा वेगळा आला म्हणून टेस्टमधली फरकाची सूट सरसकट वाढवू नका. इथे गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत होऊन एकदाच राउंडिंग होतं. जीसीसीला ते जोडकाम बंद करायला सांगून बघा. फरक गेला तर कारण सापडलं, मगच सूट द्या, आणि लागेल तेवढीच.

'-नॅन'ऐवजी 'नॅन' (NaN, म्हणजे 'संख्या नाही') छापून आलं? टेस्टने चिन्ह तपासायलाच नको होतं.

क्यूईएमयूमध्ये (लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पास झाली म्हणून बोर्डावर पास धरू नका.

आणि टेस्ट स्किप करायचीच असेल, तर शेजारी कारण आणि बग क्रमांक लिहा. त्याशिवाय आलेला पॅच मी परत पाठवतो.