अमेरिकेत जोडीदाराला बोलावताना: आय-८६४ भरण्याआधी

आय-८६४ म्हणजे जोडीदाराच्या निर्वाहाची आर्थिक जबाबदारी घेणारं हमीपत्र. आधी घरातली माणसं मोजा: तुम्ही, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं, शिवाय पूर्वी स्पॉन्सर केलेलं कोणी. जोडीदाराला मोजायचं राहून जातं आणि उत्पन्नाचा आकडाच चुकतो. उत्पन्न त्या संख्येच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं. सक्रिय सैन्यसेवेतल्यांना १०० टक्के पुरतात.

ताज्या वर्षाचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (कर विभागाकडून मिळणारा तुमच्या विवरणपत्राचा गोषवारा) जोडा, सोबत पगाराच्या स्लिपा. कमी पडतंय? नागरिक असाल तर तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवा, ग्रीन कार्डधारक असाल तर साधारणपणे पाचपट. नाहीतर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुमच्यासोबत हमी घेणारा दुसरा कोणी, शोधा. त्याचं उत्पन्न तुमच्यात मिळवता येत नाही, ते स्वतंत्रपणे पुरायला हवं. आणि तुमचा फॉर्म तरीही लागतोच.

सही जपून करा, घटस्फोटानंतरही ही जबाबदारी सुटत नाही.